अब्बांना ऐकू येणारा प्लेयर

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचते. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाच्या बंद गाडीचा हॉर्न वाजतो... वाचायचं, हसायचं आणि कामाला लागायचं. मी लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, अकरा वर्षं झाली. दिवसभर हातात गेज असतं. पार्ट गेजमधून गेला तर पास, अडला तर रिजेक्ट. ‘मला वाटलं जातोय’ हे आमच्याकडे चालत नाही. अशा बाईवर इथे लिहायची वेळ यावी, यातच काय ते समजून घ्या.

आणि मी हौसेनं आलेली नाही. हा अनुभव मी आधी म्युझिक प्लेयरवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता. तिथे माझी जी संभावना झाली त्यानं माझं डोकं अजून तापलेलं आहे. म्हणून इथे सविस्तर लिहिते. ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं, पण आधी शेवटपर्यंत वाचावं.

मोबाईल असताना गाणी ऐकायला वेगळा प्लेयर कशाला, हा प्रश्न मला सासूबाईंपासून कंपनीतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. ज्याला जिलेबीतला फरक कळतो त्याला कुणी विचारत नाही की साखर घरी असताना हलवायाकडे का जातोस! मला आवाजातला फरक कळतो. कळतो म्हणजे काय, मी तो तपासते. दोन प्लेयर शेजारी ठेवायचे, फाइल एकच, हेडफोन एकच. दोघांची आवाजाची पातळी मोजून सारखी करायची, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला गोड लागतो आणि माणूस फसतो. आणि कुठला वाजतोय ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. एवढं केल्यावर दहापैकी नऊ वेळा लोकांचे ‘जमीन-अस्मानाचे’ फरक गायब होतात. ग्रुपवर हे सांगितलं की पुरुषमंडळी आधी विचारतात, ‘ताई, हे तुमच्या मिस्टरांनी केलं का?’ आमच्या मिस्टरांना हेडफोनची डावी-उजवी बाजू कळत नाही. असो.

तुलना करायला मी बाजारातली गाणी वापरत नाही. स्टुडिओत काय वाजलं ते आपण कुठे ऐकलेलं असतं? मी स्वतः रेकॉर्ड केलेलं वापरते. आणि मला रेकॉर्ड करायला घरचाच बँड आहे.

माझे अब्बा बारामतीतले बँड मास्तर. चाळीस वर्षं क्लॅरनेट वाजवलं. कसब्यात आमचं घर आहे. खालच्या खोलीत ढोल, ड्रम, ट्रम्पेट, गणवेशांच्या पेट्या आणि वर राहायच्या दोन खोल्या. आता बँड माझा थोरला भाऊ बघतो, त्याला आम्ही भाई म्हणतो. मी लग्न होऊन इंदापूरला आले, पण सुट्टीच्या रविवारी माझी एसटी बारामतीकडेच धावते.

चार वर्षांपूर्वी अब्बांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण कान घेऊन गेला. दोन्ही कान. बारामतीत तपासणी झाली, पुण्यात झाली. तो आलेख मी स्वतः वाचलाय आणि आलेख वाचायचा मला पगार मिळतो. रेघ तळाला चिकटलेली. डॉक्टरांनी अब्बांच्या पाठीमागे स्टीलचा ट्रे फरशीवर टाकला. नर्स दचकली, मी दचकले... अब्बा भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. कानातली दोन यंत्रं आणून पाहिली, नुसती डोकेदुखी झाली. तेव्हापासून आम्ही पाटीवर लिहितो, अब्बा वाचतात आणि तोंडानं उत्तर देतात. ओठ वाचणं त्यांना कधी जमलं नाही. ‘तुझ्या मिशा मधी येत्यात’ असं भाईला म्हणायचे.

आता एक रीत सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं घडलंच नसतं. आमच्या घरात नवीन वाद्य आलं की ते आधी मास्तरांच्या हातात जातं. साधे खुळखुळे का असेनात. मास्तर बिस्मिल्ला म्हणतात, पहिला आवाज काढतात, मगच दुसऱ्याने हात लावायचा. मी पहिला प्लेयर घेतला तेव्हा अब्बांना ऐकू येत होतं. तो मी त्यांच्या हातात दिला, त्यांनी हेडफोन लावून अर्धा तास ऐकलं. पुढचा घेतला तेव्हा कान गेले होते. म्हणून काय मान द्यायचा नाही? तोही दिला. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, दहा-बारा सेकंद बसले, ‘चांगला हाय’ म्हणाले आणि परत दिला.

गेल्या जानेवारीतला रविवार, सकाळचे अकरा. बारामतीत स्टँडच्या मागे एक मोबाईल दुरुस्तीवाला आहे, त्याच्या ड्रॉवरमध्ये मला एक जुना प्लेयर दिसला. कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, उगाच लोक शोधत सुटतील. ओरखडे पडलेली काच, बटणं गुळगुळीत झालेली, बॅटरी जेमतेम तीन तास. तुलनेसाठी गंमत म्हणून घेतला. त्यात माझं कार्ड टाकलं. कार्डात आदल्याच महिन्यात सणसरच्या एका वरातीत मी रेकॉर्ड केलेला आमचा बँड होता. त्या वरातीला अब्बा नव्हते. बहिरं झाल्यापासून ते एकाही वरातीला गेलेले नाहीत.

वर गेले. अब्बा खिडकीजवळ खुर्चीत बसलेले. रीतीप्रमाणे प्लेयर हातात दिला, हेडफोन लावला, वरातीतलं मधलंच एक गाणं सुरू केलं. आता ‘चांगला हाय’ म्हणतील म्हणून मी हात पुढे करून उभी राहिले.

दहा सेकंद झाले. वीस झाले. अब्बांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. क्लॅरनेटची बोटं. मला वाटलं, सवय असते हाताला. मग त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“कोण हाय ह्यो?” अब्बा जोरात म्हणाले. बहिरे झाल्यापासून ते जोरातच बोलतात. “रीड चिरल्याली हाय ह्याची. तसाच वाजीवतोय. आन टोपीत दुसरी ठेवली न्हाय बेण्यानं!”

क्लॅरनेटच्या तोंडाशी बोरूची पातळ पट्टी असते, ती रीड. ती चिरली की आवाजाला किंचित फाटका काठ येतो. अब्बांचा नियम होता की गणवेशाच्या टोपीत एक जादा रीड असलीच पाहिजे.

मी पाटी घेतली. ‘अब्बा, ऐकू येतंय?’

त्यांनी वाचलं. माझ्याकडे बघितलं. हेडफोन काढला, थांबले, पुन्हा लावला. मग त्यांचे डोळे भरून आले. “येतंय की गं,” ते म्हणाले. तेवढं मात्र हळू म्हणाले.

मी गेजवाली बाई. रडत रडत पहिलं काम काय केलं असेल तर बबनकाकांना फोन लावला. अब्बांनंतर क्लॅरनेट तेच वाजवतात.

“काका, सणसरच्या वरातीत तुमची रीड चिरली होती का?”

“कुणी सांगितलं तुला?”

“चिरली होती का नव्हती?”

“पोरी, तिसऱ्या गान्याला चिरली. दुसरी घरी इसारलो हुतो. ओठ दाबून रेटलं कसंबसं. म्या घरात बायकूलाबी सांगितलं न्हाय. मास्तरला कळलं का काय?”

मी ते रेकॉर्डिंग निदान चाळीस वेळा ऐकलं होतं, माझ्या सगळ्यात महागड्या प्लेयरवर. मला कधी कळलं नव्हतं. सांगितल्यावर मात्र ऐकू आलं. तिसरं गाणं, फाटका काठ.

यानंतर मी जे केलं ते ग्रुपवर पायरी-पायरीने लिहिलं होतं, तरी कुणी धड वाचलं नाही. पुन्हा लिहिते. पुढच्या रविवारी कंपनीच्या सेफ्टीच्या साहेबांना विचारून आवाज मोजायचं मीटर आणलं. तिन्ही प्लेयर सारख्या रुमालात गुंडाळले, अब्बांना पाठमोरं बसवलं. कुठला लावायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. हेडफोन तोच, पातळी तीच, गाणी बदलून बदलून. प्रत्येक प्लेयर दहा वेळा. जुन्यावर अब्बांनी दहाच्या दहा वेळा कुठलं गाणं, कितवा अंतरा, कोण चुकतंय ते सांगितलं. बाकी दोन्हींवर प्रत्येक वेळी एकच उत्तर, “बंद हाय.” महागड्याचा आवाज मी इतका वाढवला की खोलीच्या दारातून मला गाणं स्पष्ट ऐकू यायला लागलं. “बंद हाय.” जुन्यावर मधेच कोरी फाइल लावली. “बंद हाय.”

आमच्या मेंटेनन्सच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने तो जुना प्लेयर उघडून मशीनवर लावून बघितला. म्हणाला, “मॅडम, साधा आहे हो. उलट जरा खराबच आहे.” आणि तो खरं बोलत होता! माझ्या कानाला तो तिघांत सगळ्यात वाईट लागतो. खालचा आवाज गुदमरलेला, वरचा बोथट, मागे सतत बारीक खरखर. त्याला मी दहात चार दिले असते.

आता ग्रुपवरची मुक्ताफळं ऐका. एक म्हणाला प्लेसिबो, म्हणजे मनाचा खेळ. बहिऱ्या माणसाला प्लेसिबो! अहो, बबनकाकांची रीड काय प्लेसिबोनं चिरली? दुसरा म्हणाला, हाडातून आवाज गेला असेल. मग तोच हेडफोन, तीच पातळी असताना दुसऱ्या प्लेयरचा आवाज हाडातून का गेला नाही, हाडं काय प्लेयरची किंमत बघतात? तिसऱ्याने महागड्याचं सॉफ्टवेअर अपडेट करायला सांगितलं. आणि एकाने लिहिलं, ‘आजोबा नाटक करत असतील. म्हातारी माणसं लक्ष वेधून घ्यायला असं करतात.’ त्याला सत्तावीस लाइक. वर अ‍ॅडमिनने ‘विषय भरकटतोय’ म्हणून चर्चा बंद केली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाला तुम्ही पाहिलं नाही, ज्याच्या समोर बसायची तुमची लायकी नाही, त्याला नाटकी म्हणता?

पण चाचणीनंतरच्या दीड महिन्याबद्दल मला लिहू द्या. तो प्लेयर मी अब्बांजवळच ठेवला. जुन्या वरातींची सगळी रेकॉर्डिंग कार्डात भरून दिली. अब्बा सकाळी नाष्टा झाला की हेडफोन लावून बसायचे आणि बँडमधल्या एकेकाला वर बोलावून घ्यायचे. ‘कोऱ्हाळ्याच्या वरातीत तू ड्रम पळवलास. ट्रम्पेट लई फुगतोय, त्याला म्हणावं गाल आवर.’ चार वर्षं निवांत असलेल्या सगळ्या बँडला घाम फुटला. बबनकाका तर टोपीत तीन-तीन रीडी घालून फिरायला लागले.

एकदा मी माझाच आवाज रेकॉर्ड करून दिला. ‘अब्बा, मी रुक्साना. जेवलात का?’ एवढंच. अब्बांनी ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि म्हणाले, “जेवलो. तुझा घसा का बसलाय, रुक्सू? मशीनवर लई वरडायला लागतं का?” चार वर्षांनी माझ्या बापाला माझा आवाज ऐकू आला होता. मी खाली जाऊन ढोलांच्या मागे बसून पोटभर रडले.

ते सगळं भाईच्या एका वाक्याने संपलं.

भाईला पहिल्या दिवसापासून हे आवडलं नव्हतं. तो वर येईना, अब्बांसमोर बसेना. मला वाटलं, बँडवर पुन्हा मास्तरांचा हुकूम चालायला लागला म्हणून असेल. एका रविवारी त्याने मला जिन्यात गाठलं.

“रुक्सू, एक सांग. ह्या डबड्यावर ऐकू येतं, मंग आपलं बोललेलं का येत न्हाय?”

“मला काय माहीत, भाई? त्याचंच तर डोकं लावतेय मी.”

“डोकं कशाला लावतीस? त्यास्नी पयल्यापासून ऐकू येतंय. चार वर्सं नाटक केलंय.”

“भाई, तोंड सांभाळ!” मी ओरडले. पण त्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं की हा रागावलेला नाही, घाबरलाय.

कशाला घाबरला होता ते सांगते. सहा वर्षांपूर्वी अम्मी गेली. दुपारी छातीत दुखायला लागलं. अब्बा तेव्हा कोऱ्हाळे बुद्रुकला वरातीत वाजवत होते. भाईने त्यांना फोन केला, तो उचलला गेला नाही. भाईनं शेजाऱ्याच्या रिक्षातून अम्मीला दवाखान्यात नेलं. अम्मी सारखी दाराकडे बघून विचारत होती, ‘आले का?’ थोड्या वेळाने अब्बांचाच फोन आला आणि ते टेम्पो घेऊन तिथून निघाले. पोचले तेव्हा अम्मीला जाऊन पाचच मिनिटं झाली होती. बँडच्या दणदणाटात फोन ऐकू आला नाही, असं अब्बा म्हणाले. कुणालाही पटेल. भाईला पटलं नाही. पण तेव्हा तो बापासमोर बोलू शकला नाही. अब्बांचे कान गेल्यावर मात्र त्याला वाचा फुटली. एकदा सगळे जेवायला बसलो होतो, मामा आले होते, आणि अब्बा समोर बसलेले असताना भाई मामांना म्हणाला, “फोन ऐकू आलाच आसनार त्यास्नी. वरात सोडायची नव्हती, दुसरं काय.” अब्बा समोर बसून भाकरी मोडत होते. मी भाईशी त्यावरून सहा महिने बोलले नव्हते.

आणि आता भाईला वाटत होतं की अब्बांनी तेव्हा ते ऐकलं. मी म्हणत होते, नाही ऐकलं, ऐकणं शक्यच नाही, ट्रे पडलेला ज्याला कळला नाही त्याला तुझं पुटपुटणं काय कळणार! जिन्यातलं भांडण वरच्या खोलीत गेलं. अब्बा आमच्या दोघांची तोंडं बघत होते. शेवटी भाईने पाटी ओढली आणि लिहिलं, ‘चार वर्षं नाटक केलं का?’

अब्बांनी वाचलं. बराच वेळ वाचत राहिले, जसं काही पाचच शब्द नव्हते, पानभर मजकूर होता. मग हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली आणि प्लेयर माझ्या हातात दिला.

“घीऊन जा,” ते म्हणाले. “ऐकू आलं तर मानूस खोटा ठरतोय, तर नगं मला.”

मी पाटीवर लिहून विनवण्या केल्या. पुढच्या रविवारी पुन्हा नेला, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. त्यांनी हात लावला नाही. मी भाईशी बोलणं टाकलं. आपल्या अंगावर येऊ नये म्हणून बापाचे कान दुसऱ्यांदा काढून घेतले याने, असं मला वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं.

महिनाभराने भाई माझ्याकडे इंदापूरला आला. आपण होऊन कधी येत नाही तो. त्याने मोबाईलवर काहीतरी रेकॉर्ड करून आणलं होतं. म्हणाला, “ह्ये त्या डबड्यात घाल आन अब्बास्नी ऐकव. म्या माफी मागितलीया.” मी न ऐकताच कार्डात टाकलं आणि रविवारी अब्बांसमोर पाटीवर लिहिलं, ‘भाईनं तुमच्यासाठी बोलून दिलंय. एकदा ऐका.’

अब्बांनी प्लेयर बाजूला सारला. “डबीत कशाला बोलतोय? म्होरं बस म्हनावं आन बोल.”

दुपारचे तीन वाजले होते. भाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. मी दाराशी उभी होते. प्लेयर माझ्या पर्समध्ये, बंद. भाईने मान खाली घातली होती, हनुवटी छातीला टेकलेली, दोन्ही हात तोंडावर. हे मुद्दाम लिहितेय, म्हणजे पुन्हा कुणी ओठ वाचल्याचं सांगू नये. त्या अवस्थेत मलासुद्धा त्याचं बोलणं अर्धंच कळत होतं. “...म्या तसं बोलाया नगं हुतं. तुमास्नी ऐकू येत न्हाय म्हनून बोललो. फोनचं म्या उगंच...”

तो बोलायचा थांबला. अब्बा खिडकीबाहेर बघत होते. मग ते बोलले. ओरडून नाही, चार वर्षांपूर्वी बोलायचे तसं.

“वाजला हुता फोन.”

भाईनं मान वर केली.

“खिशात हुता. वाजलेला कळला मला. वरात दारात आली हुती, नवरदेव उतरत हुता. म्हनलं, येवढं गानं हुंदे. तुला सांगितलं, ऐकू आला न्हाय. खोटं सांगितलं.”

भाईने पाटी घेतली आणि लिहिलं, ‘किती वेळ?’

अब्बांनी वाचलं. “एक गानं,” ते म्हणाले. “पाच मिन्टं आसंल.”

भाईनं तळहाताने पाटी पुसली. पुसून झाली तरी पुसतच होता. मग तो उठून अब्बांच्या शेजारी जाऊन बसला. मला भाईचा राग आला, अब्बांचा आला, त्या वरातीचा आला, आणि मग मला वाटायला लागलं की माझ्याजवळचा राग संपलाय.

तरी मी स्वयंपाकघरात गेले, स्टीलची परात आणली आणि अब्बांच्या पाठीमागे फरशीवर टाकली. हो, टाकली. माझी सवयच तशी आहे. भाई ताडकन उठला. अब्बांची पापणीसुद्धा हलली नाही.

म्हणजे भाईचं बोलणं त्यांना ऐकू आलं नव्हतं. पण तो कशाबद्दल बोलतोय हे त्यांना कळलं होतं. कसं, ते मला सांगता येत नाही. कदाचित सहा वर्षं ते रोज हाच प्रश्न येईल म्हणून थांबले असतील. हे एक वेळ मी समजू शकते. प्लेयरचं मात्र मला आजही काही कळत नाही. तीनदा पुन्हा उघडून बघितला. बॅटरी बदलली, दुसरं कार्ड घातलं, मीटर लावलं. अब्बा तो परत लावायला तयार नाहीत आणि मीही आता आग्रह करत नाही. कुणाकडे खरंखुरं स्पष्टीकरण असेल तर लिहा, मी तपासून बघेन. लोणी देवकरला मीटर आहे.

आणि ग्रुपवर ज्याने ‘आजोबा नाटक करत असतील’ लिहिलं, त्याने ते काढून टाकावं, सत्तावीस जणांनीही आपापले लाइक काढावेत. ऐकू येण्याबाबत माझे अब्बा आयुष्यात एकदाच खोटं बोलले. ते किती मिनिटांचं होतं, तेही त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय.